स्पार्कस्टेशन २० : डागडुजीची वही

५ जानेवारी २०२५

मशीन टेबलावर आलं. सन मायक्रोसिस्टिम्सचं स्पार्कस्टेशन २०, म्हणजे १९९४ साली बाजारात आलेलं वर्कस्टेशन. चपटा पिझ्झा बॉक्स आकार, डाव्या-उजव्या बाजूंना हवेच्या फटी, मागे १३डब्ल्यू३चं ते विचित्र व्हिडिओ कनेक्टर. आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं कपाटात ठेवलं होतं. शेवटचं कधी चालू केलं ते त्यांना आठवत नाही.

बटण आज दाबायचं नाही. इतकं जुनं मशीन 'बघू चालतं का' म्हणून भिंतीतल्या सॉकेटला लावणं म्हणजे वीजपुरवठ्याच्या भरवशावर मदरबोर्ड पणाला लावणं. आज फक्त उघडणं, बघणं, फोटो काढणं.

आत काय आहे: एमबसच्या, म्हणजे प्रोसेसर बसवायच्या, दोन जागांपैकी एकीत एसएम७१ मॉड्यूल, म्हणजे ७५ मेगाहर्ट्झचा सुपरस्पार्क-२ प्रोसेसर आणि त्याच्यासोबत १ मेगाबाइट कॅश. तसंच दुसरं मॉड्यूल वेगळ्या अँटिस्टॅटिक पिशवीत मिळालं आहे. मेमरीच्या आठ जागांपैकी चारांत ६४ मेगाबाइटच्या पट्ट्या, एकूण २५६. या पट्ट्या २०० पिनांच्या आहेत, आतली वाट १४४ बिटांची: १२८ डेटाचे आणि १६ ईसीसीचे, म्हणजे मेमरीतल्या चुका पकडून दुरुस्त करण्यासाठीचे. पीसीची कोणतीही पट्टी इथे बसत नाही, त्यामुळे आहेत त्या जपायच्या. एसबसच्या, म्हणजे जोडकार्डांच्या, चार जागांपैकी एकीत टर्बोजीएक्स ग्राफिक्स कार्ड. पुढच्या बाजूला ८० पिनांच्या एससीए कनेक्टरवर बसलेल्या दोन स्कझी डिस्क (स्कझी म्हणजे डिस्क वगैरे जोडायची जुनी पद्धत). फ्लॉपी ड्राइव्हला बाहेर काढायचं बटण नाही. ती सॉफ्टवेअरच्या आज्ञेनेच बाहेर येते.

आणि बोर्डवर सॉकेटमध्ये बसलेली एम४८टी०८, म्हणजे एनव्हीरॅम: वीज नसतानाही आतल्या बॅटरीवर मशीनची ओळख आणि सेटिंग लक्षात ठेवणारी चिप. काळ्या उंच टोपीची २८ पिनांची चिप, वर बारकोडचं स्टिकर. त्या स्टिकरचे फोटो वेगवेगळ्या कोनांतून, वेगवेगळ्या उजेडात काढले आणि वरचे अंक कागदावरही उतरवले. या मशीनची ओळख पटवणारं बाहेरून वाचता येण्यासारखं एवढंच शिल्लक आहे, हे जवळपास नक्की.

कामाची पद्धत ठरवून टाकतो. जे भाग वयाने मरतात हे ठाऊक आहे त्यांना आधी गाठायचं, म्हणजे वीजपुरवठा, पंखा, एनव्हीरॅमची बॅटरी आणि डिस्क. बाकी कशालाही उगाच हात लावायचा नाही. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून खोक्यात जाईल.

११ जानेवारी

वीजपुरवठा बाहेर काढला. १५० वॅटचा आहे. झाकण उघडण्याआधी बराच वेळ तसाच ठेवला, मग रोधक लावून मोठे कपॅसिटर रिकामे केले आणि मीटरने खात्री केली. इथे घाई नको. २३० व्होल्टची लाइन रेक्टिफाय झाली की त्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी उभा असतो, आणि वायर काढली म्हणून तो लगेच जात नाही.

आत धुळीचा थर, पण गळती किंवा जळाल्याची खूण दिसत नाही. बोर्ड मागून पाहिला तर दोन-तीन ठिकाणी सोल्डर जॉइंटभोवती बारीक गोल चीर. ते जॉइंट पुन्हा गरम करून भरून घेतले.

मग चाचणी, पण मदरबोर्डशिवाय. +५ व्होल्टच्या लाइनवर ०.५ ओहमचा पॉवर रोधकांचा जुडगा लावला, म्हणजे १० अँपिअर ओढले जातील आणि ५० वॅट उष्णता निघेल. रोधकांवर वेगळा पंखा सोडला.

थंड असताना ५.०४ व्होल्ट. छान वाटतं. पण अर्ध्या तासात आकडा हळूहळू घसरत ४.६९ वर आला, आणि स्कोपवर रिपल, म्हणजे डीसीवर उरलेला चढउतार, १८० मिलिव्होल्ट. चांगल्या पुरवठ्यात तो ५०च्या आत असायला हवा.

हा ४.६९ नीट समजून घ्यायला हवा, कारण पुढच्या सगळ्या निदानाचा धागा इथे आहे. एम४८टी०८ ही चिप स्वतःच्या पुरवठ्यावर सतत नजर ठेवते. व्होल्टेज ४.७५ ते ४.५ च्या पट्ट्यात कुठेतरी खाली गेलं की ती वीज जातेय असं समजते, बाहेरची वाचन-लेखनाची दारं बंद करते, आणि व्होल्टेज आणखी घसरून सुमारे ३ वर आलं की आतल्या बॅटरीवर जाते. डेटा वाचवण्यासाठीच ही सोय केलेली आहे. पण मरतुकड्या पुरवठ्यावर चालणाऱ्या मशीनमध्ये याचा परिणाम असा, की चिप पूर्ण ठणठणीत असूनही प्रोसेसरला ती कोरी दिसते. पडद्यावर 'आयडीप्रॉम अवैध' असा संदेश येतो (आयडीप्रॉम म्हणजे मशीनची ओळख साठवलेला चिपमधला भाग), माणूस चिप बदलतो, आणि नव्या चिपवरही गरम झाल्यावर तोच संदेश. एम४८टी१८ या जोडचिपची मर्यादा ४.५ ते ४.२ आहे, म्हणून ती बसवली की लक्षण जातं. आजार तसाच राहतो.

म्हणून आधी पुरवठा, मग बाकीचं.

१२ जानेवारी

वीजपुरवठ्यांच्या दुरुस्तीत आयुष्य घालवलेल्या सरांना फोन केला. आकडे सांगितले.

"कंट्रोलर आयसीच्या शेजारी बारका कपॅसिटर असेल बघ. हीटसिंकला अगदी लागून?"

"आहे सर. पण तो फुगलेला नाही, दिसायला ठीक आहे."

"दिसू दे. तो काढ, ईएसआर मोज आणि मग मला सांग. आउटपुटचे सगळे बदलायचेच आहेत, पण सुरुवात त्याच्यापासून कर."

काढून मोजला. धारिता छापलेल्या आकड्याच्या निम्मीही नाही, ईएसआर, म्हणजे कपॅसिटरचा आतला रोध, मीटरवर मावत नाही. सर म्हणाले ते खरं आहे: इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आतल्या द्रावामुळे काम करतो, तो द्राव रबरी बुडातून वाफ होऊन हळूहळू निघून जातो, आणि तापमान दर १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं. बारक्या कपॅसिटरमध्ये द्राव मुळातच कमी. हीटसिंकच्या कुशीत बसलेला बारका सगळ्यात आधी सुकतो, आणि फुगायला आत काही उरलेलं नसल्याने बाहेरून अगदी निरोगी दिसतो.

दुय्यम बाजूचे सगळे इलेक्ट्रोलिटिक बदलले. १०५ अंशांचे, कमी ईएसआरचे, तीच धारिता, व्होल्टेज तेवढंच किंवा एक पायरी वर. दोन ठिकाणी नवे भाग जुन्यांपेक्षा उंच निघत होते. झाकण लागेल का ते आधी मोजून मगच सोल्डर केले. प्राथमिक बाजूचे मोठे कपॅसिटर मोजले, धारिता आणि गळती दोन्ही चांगली. ते तसेच ठेवले. यावर मतं वेगळी असतात, 'उघडलंच आहे तर सगळं बदला' असं बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. प्रत्येक सोल्डर काढण्यात जुन्या बोर्डवरचं तांबं उचकटायचा धोका असतो, आणि मोजून चांगला ठरलेला भाग काढायला त्याहून मोठं कारण हवं.

पुन्हा लोड. दोन तासांनंतरही ५.०६ व्होल्ट, रिपल ४० मिलिव्होल्ट. +१२ आणि −१२ दोन्ही जागेवर.

१८ जानेवारी

पंखा बदलला. जुना फिरतो, पण बेअरिंग कोरडं पडलंय आणि हाताने फिरवला तर अडखळतो. हवेचा दाब आणि दिशा तीच ठेवली. 'शांत' म्हणून विकले जाणारे पंखे बहुधा हवा कमी ओढून शांत राहतात. या खोक्यात दोन सुपरस्पार्क आणि दोन डिस्क एकाच हवेवर जगतात, तिथे ती काटकसर परवडणार नाही.

१९ जानेवारी

पहिली सुरुवात, कमीत कमी भागांनिशी. एक प्रोसेसर मॉड्यूल, पहिल्या जागेत एकच मेमरी पट्टी, डिस्क काढलेल्या, ग्राफिक्स कार्ड काढलेलं.

कीबोर्ड जोडला नाही. सनच्या मशीनची ही सोय मला फार आवडते: सुरू होताना कीबोर्ड सापडला नाही तर ओपनबूट, म्हणजे मशीन सुरू करणारं सनचं फर्मवेअर, सगळा संवाद आपोआप 'ए' सिरीयल पोर्टवर नेतं. २५ पिनांच्या पोर्टला नल-मॉडेम केबल, दुसऱ्या टोकाला लॅपटॉप, ९६०० बॉड, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट. कीबोर्ड नाही, मॉनिटर नाही, तरी मशीन बोलतं.

आणि बोललं. ओपनबूट २.२५, ६४ मेगाबाइट मेमरी, आणि त्याखाली अपेक्षित तक्रार: आयडीप्रॉममधला मजकूर अवैध, कॉन्फिगरेशनचा चेकसम चुकीचा, सगळ्या सेटिंग मूळपदावर आणल्या, 'डायग-स्विच' चालू केला. इथरनेट पत्ता सगळा एफ-एफ, होस्ट आयडी (मशीनचा ओळख क्रमांक) ही तसाच.

एनव्हीरॅम चिपच्या २८ आणि १४ क्रमांकाच्या पिनांवर मीटर धरला. ५.०२ व्होल्ट. मशीन तासभर तापू दिलं, पुन्हा ५.०२. म्हणजे चिपला वीज नीट मिळते आहे आणि तरी ती कोरी आहे. आतली बॅटरी गेली हे आता ठामपणे म्हणता येतं.

'डायग-स्विच'बद्दल जाता जाता. हा स्विच चालू असला की मशीन डिस्कऐवजी नेटवर्कवरून बूट व्हायला जातं. म्हणजे एनव्हीरॅमची बॅटरी संपलेलं मशीन चालू केलं की ते नेटवर्कवर उत्तराची वाट पाहत ताटकळत बसतं, आणि बघणाऱ्याला वाटतं डिस्क गेली. चांगल्या डिस्क अशा निदानाने भंगारात गेल्या असतील. सिरीयल जोडून दोन ओळी वाचल्या तर खरं कारण समोर असतं.

२५ जानेवारी

मेमरीच्या पट्ट्यांचे संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले, जागांमधली धूळ मऊ ब्रशने. एकेक पट्टी लावून मेमरीची चाचणी. तीन चांगल्या, चौथी कुठल्याही जागेत लावली तरी तक्रार करते. बाजूला ठेवली. ईसीसी एका बिटाची चूक गुपचूप दुरुस्त करतं, म्हणून अशा पट्टीवरही मशीन महिनोन्‌महिने चालल्यासारखं दिसलं असतं. १९२ मेगाबाइटवर काम चालू.

१ फेब्रुवारी

आज एनव्हीरॅम.

ही चिप म्हणजे एकाच आवरणात चार गोष्टी: ८ किलोबाइटची स्थिर रॅम, घड्याळ, त्याचं क्वार्ट्झ क्रिस्टल आणि लिथियमचा सेल. टोपीत एका अंगाला सेल, दुसऱ्या अंगाला क्रिस्टल, सगळं इपॉक्सीत गाडलेलं. सेल बदलता येईल अशी रचनाच नाही. उत्पादकाने साधारण दहा वर्षांचं आयुष्य धरलं होतं. ते कधीच उलटलं.

पर्याय दोन होते. जुन्या साठ्यातली 'नवी' चिप घेणं, किंवा हीच कापून बाहेरून सेल जोडणं. जुन्या साठ्यातल्या चिपच्या आतला सेलही त्याच काळातला असतो, म्हणजे तोच प्रश्न थोडा पुढे ढकलला जातो. शिवाय मला या मशीनची हीच चिप, हेच स्टिकर त्याच्या बोर्डवर हवं आहे. कापायचं ठरवलं.

सॉकेटमधून चिप काढताना दोन्ही टोकांनी आळीपाळीने थोडी थोडी उचलली. एका टोकाने उपटली तर पाय वाकतात, आणि या वयाचे वाकलेले पाय सरळ करताना तुटतात. मग चिप फोमवर, सगळे पाय फोममध्ये रुतवून, चिमटीत पक्की. इपॉक्सीची भुकटी फुप्फुसात जायला नको म्हणून मास्क.

सेलच्या बाजूच्या टोकाला, टोपी आणि खालची चिप जिथे जुळतात त्या शिवणीवर बारीक कानसेने घासत गेलो. आधी नुसती काळी भुकटी. मग काळ्यात एक राखाडी ठिपका, घासत गेलं तसा चकाकणारा. थोड्या अंतरावर दुसरा. सेलपासून चिपकडे जाणाऱ्या त्या दोन पट्ट्या. मीटरची टोकं त्यांवर टेकवली: ०.३ व्होल्ट. ध्रुवता याच वेळी कळली, लगेच मार्करने खुणा केल्या.

नवीन सेल नुसता समांतर जोडून भागत नाही. मेलेला सेल जोडलेला राहिला तर तो नव्याची वीज पिऊन टाकतो. म्हणून पट्ट्यांचा सेलकडचा भाग घासून पूर्ण तोडला, मीटरने तुटल्याची खात्री केली, आणि चिपकडच्या टोकांना पातळ वायरी सोल्डर केल्या. सोल्डरिंगचं लोखंड तिथे क्षणभरच टेकवायचं, क्रिस्टल जवळच आहे. सीआर२०३२चा होल्डर चिपच्या डोक्यावर चिकटवला नाही, कारण वरून एसबस कार्ड जातं आणि तेवढी उंची मिळत नाही. वायरी बाजूला नेऊन होल्डर मोकळ्या जागेत बसवला. आता यापुढे बॅटरी बदलणं दोन मिनिटांचं काम.

आता ओळख परत लिहायची. ओपनबूट हे मुळात फोर्थ भाषेचं चालतं-बोलतं वातावरण आहे. पुढे १९९४ साली आयईईई १२७५ हे मानक याच घराण्यातून आलं. 'ओके' असं लिहून ते वाट पाहतं, आणि आपण आकडा आधी, क्रिया नंतर अशा उलट्या क्रमाने बोलायचं. आयडीप्रॉमच्या बाइट भरायला 'एमकेपी' ही आज्ञा: आधी मूल्य, मग जागा.

इथले सगळे आकडे हेक्स, म्हणजे सोळाच्या पायातले. जागा ० वर ०१, हा नमुन्याचा क्रमांक. जागा १ वर ७२, हा स्पार्कस्टेशन १० आणि २० यांचा मशीन प्रकार. जागा २ ते ७ वर इथरनेट पत्ता, त्यातले पहिले तीन ०८:००:२०, सनच्या नावावर नोंदलेले. उरलेले तीन स्टिकरवरून. जागा ८ ते बी निर्मितीची तारीख, शून्य ठेवली. सी, डी, ई या जागांवर अनुक्रमांक, इथरनेटच्या शेवटच्या तीन बाइटच पुन्हा. शेवटी एफ जागेवर चेकसम, म्हणजे आधीच्या पंधरा बाइटचा एक्सॉर (बिट वेगळे असतील तर १, सारखे असतील तर ०).

हा चेकसम कागदावर काढून पाहिला तेव्हा एक सुंदर गोष्ट दिसली. ०१ आणि ७२ चा एक्सॉर ७३. त्यात ०८ मिळवला की ७बी, आणि २० मिळवला की ५बी. पुढे स्टिकरच्या तीन बाइट येतात. पण त्याच तीन बाइट अनुक्रमांक म्हणून पुन्हा येतात, आणि कोणत्याही संख्येचा स्वतःशी एक्सॉर शून्य. त्या एकमेकींना पुसून टाकतात. म्हणजे तारीख शून्य ठेवून अशा रीतीने भरलेल्या कुठल्याही स्पार्कस्टेशन २० चा चेकसम ५बीच येणार, पत्ता काहीही असो. ओपनबूटने हिशेब करून दिला तोही ५बी. पण याचाच अर्थ असा की स्टिकर वाचताना एखादा अंक चुकला आणि तो दोन्हीकडे तसाच भरला तर चेकसम ती चूक पकडणार नाही. म्हणून पत्ता पुन्हा एकदा मूळ फोटोशी अक्षरन्‌अक्षर ताडून घेतला.

'डायग-स्विच' बंद केला, मशीन बंद केलं, वायर काढून ठेवली.

२ फेब्रुवारी

सकाळी चालू केलं. होस्ट आयडी ७२ ने सुरू होणारा, इथरनेट पत्ता स्टिकरवरचा, तक्रार एकही नाही. हे मशीन पुन्हा स्वतःच्या नावाने उभं राहिलं, याचा मला फार आनंद झाला.

'वॉच-क्लॉक' आज्ञा दिली, सेकंद पुढे सरकत आहेत. घड्याळ थांबलेलं असतं तर सेकंदांच्या रजिस्टरमधला थांबा-बिट बघावा लागला असता. वर्षाबद्दल एक नोंद: चिपमध्ये वर्ष दोनच अंकी असतं आणि सन ते १९६८ पासून मोजतं. आत्ता चिपमध्ये ५७ आहे. या हिशेबाने घड्याळ २०६७ पर्यंत पुरेल.

८ फेब्रुवारी

डिस्क. मूळ मशीनमध्ये त्या फिरवायच्याच नाहीत असं ठरवलं होतं. एससीए अडॅप्टर लावून दुसऱ्या संगणकाच्या स्कझी कार्डवर, फक्त वाचनासाठी जोडल्या. पहिली लगेच फिरली. तिची पूर्ण प्रतिमा डीडीरेस्क्यूने काढली, एकही सेक्टर न गमावता. दुसरी वेग घेते, पण डोकं जागेवर येताना ठकठक करते. तिला पुन्हा पुन्हा चालू करून पाहण्याचा मोह आवरला. प्रत्येक प्रयत्नात पृष्ठभाग खरवडला जाऊ शकतो. तिच्यात काय आहे ते आधीच्या मालकाला विचारून मगच पुढचं.

पहिल्या डिस्कच्या प्रतिमेत कुणाचं तरी जुनं काम आहे. फाइल सिस्टिम शाबूत आहे आणि सनचं लेबल वाचता येतं, एवढंच तपासलं. आतल्या फाइली उघडल्या नाहीत. प्रतिमा मालकाला दिली; काय ठेवायचं, काय पुसायचं ते त्यांनी सांगावं. जुनं मशीन हातात आलं की दुसऱ्याची पत्रं आणि कागदही हातात येतात, आणि ती वाचायचा हक्क मशीनबरोबर येत नाही.

मशीनमध्ये आता एसडी कार्डावर चालणारा स्कझी एम्युलेटर बसवला. लक्ष्य क्रमांक ३, कारण सनचं हे पिढीजात बूट-डिस्कचं घर. इथली स्कझी सेकंदाला १० मेगाबाइटची आहे, साधं कार्डही तेवढं भरून देतं. उष्णता कमी झाली, हा मोठा फायदा. तोटा एकच: डिस्कचा तो घरघराट गेला. चांगली मूळ डिस्क खोक्यात चिठ्ठीसह ठेवली आहे; कुणाला अस्सल आवाजासकट मशीन बघायचं असेल त्या दिवशी तीच लावू.

१५ फेब्रुवारी

सीडीवरून बूट करताना हाताशी असलेला स्कझी सीडी ड्राइव्ह दिसतो, पण वाचत नाही. सनच्या या पिढीला सीडीवरचे ब्लॉक ५१२ बाइटचे लागतात, पीसीचे ड्राइव्ह २०४८ देतात. काही ड्राइव्हवर जंपर असतो, याच्यावर नाही.

नेटवर्कवरून बूट केलं, आणि तेच बरं झालं. मशीन आपला इथरनेट पत्ता ओरडून विचारतं, 'मी कोण?' आरएआरपी सर्व्हर त्या पत्त्यावरून आयपी सांगतो. मग मशीन टीएफटीपीवर, म्हणजे फाइली आणायच्या साध्या पद्धतीने, स्वतःच्या आयपीच्या हेक्स नावाची फाइल मागतं: १९२.१६८.१.२० असेल तर सी०ए८०११४, आणि त्याला 'सन४एम' हा प्रत्यय. पुढे बूटपॅरामडी (बूटची माहिती देणारा सर्व्हर), मग एनएफएस (नेटवर्कवरून फाइली वापरायची पद्धत). स्टिकरवरचे ते सहा अंक नसते तर ही साखळी पहिल्याच कडीला तुटली असती.

नेटबीएसडी ही युनिक्ससारखी ऑपरेटिंग सिस्टिम बसवली. सोलारिस ९ ही या मशीनला चालणारी सोलारिसची शेवटची आवृत्ती, ओपनबीएसडीने ३२ बिट स्पार्क ५.९ नंतर २०१६ मध्ये सोडलं. नेटबीएसडी अजून साथ देतं, आणि ६.० पासून त्यात वेळ ६४ बिटांची असल्याने २०३८ मध्ये ३२ बिटांची वेळ संपण्याची भीती नाही. काळाशी प्रामाणिक म्हणून सनओएस ४.१.४ दुसऱ्या कार्डावर बसवायचं आहे. एम्युलेटरचं कार्ड बदललं की मशीनचं दशक बदलतं.

इथरनेट १० मेगाबिट, अर्ध-द्विमार्गी. काही नवे स्विच एवढ्या खाली उतरतच नाहीत. मध्ये एक जुना स्विच ठेवला.

२२ फेब्रुवारी

टर्बोजीएक्स परत बसवलं, १३डब्ल्यू३ ते व्हीजीए अडॅप्टर लावला. सनची चाल ११५२ × ९००, आणि सिंक (चित्र जागेवर धरणारा संकेत) एकत्रित, आडवा-उभा वेगळा नाही. हाताशी असलेल्या एलसीडींपैकी एकीलाच हा संकेत समजला. ती याच कामासाठी राखून ठेवली.

टाइप ५ कीबोर्डच्या कळा काढून कोमट साबणाच्या पाण्यात धुतल्या, बोर्ड कोरडाच साफ केला. माउस कीबोर्डलाच जोडायचा. तो ऑप्टिकल आहे, पण रेघांच्या खास धातूच्या पाटीवरच चालतो, आणि पाटी सरळच ठेवावी लागते. ती पाटी हरवली की माउस निरुपयोगी, म्हणून तिला खरचटू न देता ठेवायची जागा ठरवली.

एक सवय अंगी बाणवायला हवी: मशीन चालू असताना कीबोर्ड उपटायचा नाही. ते सिस्टिम थांबवून थेट 'ओके'वर उतरतं. तसं झालंच तर 'गो' लिहिलं की बहुतेक वेळा तिथूनच पुढे चालतं.

८ मार्च

दुसरं एसएम७१ बसवलं. एमबसचं कनेक्टर दाट आणि नाजूक आहे. दोन्ही टोकांवर सारखा दाब द्यायचा, स्क्रू शेवटी. ओपनबूटला दोन्ही प्रोसेसर दिसले.

दोन प्रोसेसरवर कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) बांधायला लावलं आणि हीटसिंकचं तापमान नोंदत राहिलो. झाकण लावलेलं असताना तापमान एका पातळीवर स्थिरावलं. झाकण काढलं तर उलट आतल्या मॉड्यूलचं वाढलं, कारण हवा नेमक्या वाटेने जात नाही. म्हणजे 'गरम होतंय, झाकण उघडं ठेवू' हा उपाय इथे उलटा पडतो. हाच खोका चार प्रोसेसरनिशीही विकला जात होता, तो हवेच्या याच वाटेच्या जोरावर. एसबसच्या रिकाम्या जागांच्या पट्ट्या म्हणूनच लावलेल्या हव्यात. एक गायब होती, पातळ पत्र्याची करून बसवली.

पूर्ण भारावर चिपच्या पिनांवर ४.९९ व्होल्ट. ४.७५ पासून पुरेसं दूर.

१२ एप्रिल

मशीन आता दर आठवड्याला काही तास चालतं. पडून राहिलेल्या इलेक्ट्रोलिटिकचा आतला ऑक्साइडचा थर पातळ होत जातो आणि व्होल्टेज मिळालं की पुन्हा जमतो. पंख्यांच्या तेलालाही फिरणं मानवतं. काचेच्या कपाटात शोभेसाठी ठेवलेल्या मशीनपेक्षा वापरातलं मशीन जास्त टिकेल अशी माझी धारणा आहे.

सीआर२०३२ वर ३.०५ व्होल्ट. ही मोजणी दर सहा महिन्यांनी; २.७ च्या आसपास आला की बदलायचा. मशीन चालू ठेवून बदलायचा, म्हणजे मजकूर जात नाही. तरी आयडीप्रॉमच्या सगळ्या बाइट कागदावर छापून तो कागद झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवला आहे. पुढे हे मशीन ज्याच्या हाती जाईल त्याला स्टिकरचा अंदाज बांधत बसायला लागू नये.

राहिलेलं: फ्लॉपी ड्राइव्हचं बाहेर काढणारं यंत्र अडतं, जुनं ग्रीस घट्ट झालंय, ते काढून नवं लावायचं. बाजूला ठेवलेल्या चौथ्या मेमरी पट्टीचे सोल्डर भिंगाखाली तपासायचे. ठकठक करणाऱ्या डिस्कबद्दल मालकांचं उत्तर आलं: त्यात त्यांना हवं असलेलं काही नाही. मग ती तशीच, न फिरवता, खोक्यात.

पुढची पुरवठ्याची मोजणी जुलैत, त्याच रोधकांवर, त्याच १० अँपिअरला.